चौदा दिवसांचं देऊळ

मी एक घोंगडी बोलतेय. काळ्या लोकरीची, साडेसहा हात लांब, तीन हात रुंद, दोन्ही कडांना पांढऱ्या रेघा. आटपाडीच्या माळावर माझ्यासारख्या पैशाला पासरी मिळतील. कुणी आम्हाला खांद्यावर टाकून मेंढरांमागे हिंडतं, कुणी पाहुण्यांना अंथरतं, कुणी पावसात डोक्यावरून खोळ करून ओढून घेतं. यातलं काहीही वाट्याला आलं तरी घोंगडीनं कुरकुर करू नये.

माझ्या नशिबी मात्र भलतंच आलं. आयुष्यातले चौदा दिवस मी देऊळ होते. तेही साधंसुधं नव्हे. बिशपसाहेबांची खुर्ची जिथे मांडतात ते ख्रिस्ती मंडळींचं मोठं देऊळ, ज्याला ते कॅथेड्रल म्हणतात. ते कधी उभं राहिलं नाही. का राहिलं नाही हे दोन माणसांना ठाऊक आहे आणि मला. ती दोघं बोलणार नाहीत, म्हणून मी तोंड उघडलंय.

माझी लोकर तानुबाईनं कातली. आटपाडीजवळच्या एका वस्तीवर तिचं घर, चाळीसेक मेंढरं आणि एकुलता एक मुलगा, नाथाजी. तो लढाईवर गेला तसं हिनं काळ्या मेंढ्यांची लोकर निवडून बाजूला ठेवायला सुरुवात केली. पोरगा परत आला की त्याच्या अंगावर घालायला घोंगडी हवी, एवढंच तिचं म्हणणं. चार वर्षं ती थोडी थोडी कातत होती. कुणी विचारलं, अगं, पत्र तरी येतं का, तर ती चाती आणखी जोरात फिरवायची.

लढाई संपल्याची बातमी आली आणि तिनं सूत गुंडा सणगराकडे टाकलं. गुंडा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा आणि विणता विणता येणाऱ्या-जाणाऱ्याची टिंगल करायचा. मला विणून झाल्यावर त्यानं चिंचोके भाजले, भरडले, शिजवून त्यांची खळ केली आणि कुंच्यानं माझ्या अंगाला माखली. खळ वाळली की घोंगडी फळीसारखी ताठ होते. अशी नवी घोंगडी घरात आली की आमच्याकडच्या बायका ती आधी भिजवतात, पायांनी तुडवतात आणि खळ काढून टाकतात. तेव्हा कुठे ती मऊ होऊन अंगाला लागते. तानुबाईनंही मला तसंच तुडवलं आणि नाथाजी शेहेचाळीस साली घरी आला तेव्हा उंबऱ्यातच माझी घडी त्याच्या खांद्यावर टाकली. ती रडली नाही. तो रडला.

नाथाजी सॅपर पलटणीत हवालदार होता. पूल बांधायचे, उखडलेले रस्ते पुन्हा जोडायचे, हे त्याचं काम. इटलीत त्यानं एक विमानांची शेड पाहिली होती. एवढी मोठी की तिच्यात आख्खी वस्ती मावावी, आणि आत एकही खांब नाही. वरचं छप्पर तीन बोटं जाडीचं. बाजूला बॉम्ब पडून सगळं भुईसपाट झालेलं, पण ते छप्पर उभं. तिथल्या एका म्हाताऱ्या गवंड्याला त्यानं खाणाखुणांनी विचारलं, हे पडत कसं नाही? गवंड्यानं खिशातून हातरुमाल काढला, दाट कालवलेल्या चुन्यात बुडवला आणि चार टोकांनी टांगून वाळवला. मग तो ताठ झालेला रुमाल उलटा करून जमिनीवर ठेवला आणि त्याच्यावर दगड ठेवला. रुमाल वाकला नाही.

हे सगळं मला कसं ठाऊक? नाथाजीनंच सांगितलं. तो माझ्याशी बोलायचा. माणसाला मनातलं बोलायला कुणीतरी लागतं आणि घोंगडी मध्येच तोंड घालत नाही. पण खरं सांगते, त्यातलं निम्मं जरी तो घरात बोलला असता तरी आज ही गोष्ट सांगायची पाळी माझ्यावर आली नसती.

आता लालासाहेबांबद्दल. लालासाहेब तासगावकडचे पाळक, म्हणजे ख्रिस्ती मंडळींचे धर्मगुरू. लढाईत ते पलटणीतल्या ख्रिस्ती शिपायांना उपासना सांगायचे, तिथे त्यांची नाथाजीशी गाठ पडली. दोघं एका मुलखातले, एकमेकांची बोली ऐकून गळ्यात गळे पडले. परत येताना बोटीवर नाथाजीनं त्यांना रुमालाची गोष्ट सांगितली होती.

घरी आल्यावर लालासाहेबांपुढे एक मोठं काम येऊन पडलं. सातारा आणि सांगली, दोन्हीकडच्या ख्रिस्ती मंडळींसाठी तासगावच्या माळावर एकच मोठं देऊळ बांधायचं ठरलं. पुण्याच्या इंजिनियरांनी नकाशा काढला. उंच भिंती, त्यांच्यावर छप्पर पेलायला लोखंडी कैच्या, कैच्यांवर पत्रे, पुढे मनोरा आणि मनोऱ्याला सात पायऱ्या. नकाशा देखणा होता. पण लढाईनंतरचे दिवस. लोखंड आणि सिमेंट परवान्याशिवाय मिळेना आणि परवाना देवाला विनवूनही येईना.

लोखंडापेक्षा लालासाहेबांना त्या सात पायऱ्या जास्त टोचत होत्या. त्यांची मंडळी कोण? पिढ्यानपिढ्या गावच्या देवळाच्या पायरीखाली उभी राहिलेली माणसं. त्यांनी नाथाजीला लिहिलं, गड्या, आमच्या लोकांना पायरी नसलेलं देऊळ पाहिजे, तुझ्या डोक्यात काही येतंय का?

नाथाजीनं आठ पानं उत्तर लिहिलं. लिहिताना मी त्याच्या मांडीखाली होते. त्यानं लिहिलं, आमच्याकडं पाऊस आला की मेंढक्या घोंगडीची खोळ डोक्यावर ओढतो आणि कोकरू, कुत्रं, वाटसरू, जो जवळ असेल त्याला आत घेतो. तसं देऊळ करू. मनोरा नको, खांब नको, दार नको. वरून एकच पातळ सिमेंटचं पांघरूण, ते सहा ठिकाणी जमिनीला टेकेल आणि मधल्या कमानी उघड्या राहतील. ज्याला जिकडून यायचं तिकडून त्यानं यावं. लोखंड लागेल ते इंजिनियरांच्या नकाशाच्या चौथ्या हिश्श्यानं.

बिशपसाहेब तीस वर्षं याच मुलखात राहिलेले गोरे म्हातारे. लालासाहेबांनी दाखवलेलं ते पत्र त्यांनी म्हणे दोनदा वाचलं आणि निरोप धाडला, नमुना करा, मी स्वतः पाहायला येतो. वैशाखात ते देश सोडून कायमचे जाणार होते. जायच्या आधी कुठल्यातरी एका नकाशावर सही करून जायचं होतं.

सत्तेचाळीस सालच्या फाल्गुनात नाथाजीनं मला उचललं आणि घरामागच्या गवती छपराखाली, सपरात नेलं. आढ्याला सहा दोऱ्या बांधल्या, चार माझ्या चार कोपऱ्यांना आणि दोन लांब कडांच्या मध्यावर. मी लोंबले. गुंडाकडून त्यानं घागरभर दाट खळ आणली होती. हवालदार, घोंगडीचं दार करताय का, म्हणून गुंडानं टिंगल केली ती त्यानं हसून सोडून दिली. तीन थर दिले, दोन थरांमध्ये दिवसभर थांबला. पोटाला कुठे सुरकुती पडली की हाताच्या पालथ्या बाजूनं ती सारखी करायचा. मला आधी राग आला. एकदा मऊ झालेल्या घोंगडीला पुन्हा खळ लावणं म्हणजे सासरी नांदलेल्या बाईला पुन्हा बोहल्यावर चढवणं. पण तो लावताना बोलत होता आणि त्याचं बोलणं ऐकत मी हळूहळू ताठ होत गेले.

वाळल्यावर त्यानं दोऱ्या सोडल्या, मला अलगद उलटं केलं आणि भुईवर ठेवलं. मी सहा पायांवर उभी राहिले.

घोंगडीला उभं राहणं कसलं ठाऊक? आमचा जन्म पडून राहायचा. त्या दिवशी प्रथमच माझ्या पोटाखाली मोकळी जागा होती आणि सहा कमानींतून वारा जात होता. नाथाजीनं माझ्या पाठीवर पाच शेरांचा दगड ठेवला. मी पेलला. मग दहा शेरांचा ठेवला. तोही पेलला. त्यानं दगड काढले आणि भुईवर उताणा झोपून आपलं डोकं कमानीतून माझ्याखाली सरकवलं. बराच वेळ तो वर बघत राहिला. एवढा धट्टाकट्टा हवालदार, पण त्याच्या डोळ्यांतून पाणी येऊन कानात चाललं होतं. मला त्या क्षणी जो अभिमान वाटला तो घोंगडीला शोभणारा नव्हता, पण वाटला.

मेंढरं आत शिरू नयेत म्हणून त्यानं सपराच्या तोंडाला बाभळीच्या काटेरी फांद्यांची शिरी लावली. आईला सांगायचं तेवढं राहिलं. तानुबाईनं एकदा येताजाता विचारलं होतं, घोंगडी कुठं हाय रं? तो म्हणाला, कामाला हाय. तिनं शिरीतून डोकावून पाहिलं, मी ताठ होऊन उभी, अंगावर खळीचे पापुद्रे. तिला वाटलं पोरानं खळीत काहीतरी घोटाळा करून ठेवलाय. पलटणीत राहून अक्कल करपली, असं ती पुटपुटली आणि शेणाकडे वळली. आईला हे काय कळणार, असं नाथाजीला वाटलं. वाईट मनानं नव्हे. बहुतेक मुलांना वाटतं तसंच.

मापं घ्यायची होती. माझ्या पाठीवर त्यानं कोळशानं बेचाळीस खुणा केल्या. प्रत्येक खुणेपासून भुईपर्यंत किती उंची हे कळलं की तेच माप पटीनं वाढवून खरं देऊळ उभं करता येणार होतं. पहिली ओळ, अकरा खुणा, त्यानं ओळंबा लावून मोजल्या. तेवढ्यात पत्र आलं की गुरुवारी बिशपसाहेब, लालासाहेब आणि पुण्याचे इंजिनियर येतायत. त्यानं ओळंबा गुंडाळून ठेवला. उरलेलं मोजमाप इंजिनियरांच्या हातानं होऊ दे, असं तो मला म्हणाला. त्यांचा नकाशा बाजूला सारून आपला पुढे करायचा, तर त्यांचाही हात कामाला लागलेला बरा. आमच्याकडे असंच असतं. घर आपलं असलं तरी मेढ रोवताना शेजाऱ्याचा हात लावून घेतात. त्याच्या मनाचा मोठेपणाच होता तो, आणि तोच त्याला नडला.

गुरुवार उजाडला. नाथाजी पहाटेच रस्त्यावर गेला. माणगंगेचं पात्र कोरडं होतं आणि त्यातल्या वाळूत पाहुण्यांची मोटार रुतली. ती बाहेर काढण्यात दुपार झाली.

इकडे तानुबाई घरात एकटी. पाहुणे येणार, त्यातले एक देवाचे माणूस, एवढं तिला ठाऊक होतं. तिनं भुई सारवली, शेजारच्या बयाबाईकडून चांगले पेले मागून आणले. मग अंथरायला घोंगड्या काढल्या आणि कपाळाला हात लावला. एकीला उंदरांनी खाल्लेलं, दुसरीच्या दशा लोंबत होत्या. दारी आलेल्याला चांगल्या घोंगडीवर बसवायचं, एवढी एकच श्रीमंती आमच्या माळावर असते. तिला माझी आठवण झाली.

शिरी बाजूला सारून ती सपरात आली. कंबरेवर हात ठेवून तिनं मला पाहिलं. मग हसली आणि म्हणाली, "काय करून ठेवलंय लेकरानं. मी नसते तर कसं व्हनार हेचं?"

चैत्रात आमच्याकडे पाणी म्हणजे तूप. विहिरीवर तासभर बसावं तेव्हा घागर भरते. तानुबाईनं दोन खेपा केल्या. मेंढरांच्या दगडी डोणीत ते पाणी ओतलं, मला उचलून आत ठेवलं, लुगडं वर खोचलं आणि तुडवायला लागली. मला ओरडायचं होतं. खळ सुटायला लागली. पहिली माझी एक कड गेली, मग मधली कमान बसली, मग पाठ. कोळशाच्या खुणा पाण्यात काळ्या होऊन विरघळल्या. ती उन्हात घामाघूम झालेली, पण पाय थांबले नाहीत. तिच्या पायांत माया होती, म्हणून तर मी इतकी लवकर मऊ झाले. एखादी आळशी बाई असती तर पोटात थोडा ताठपणा राहिला असता.

तिनं मला पिळून दगडांवर टाकलं. आटपाडीच्या उन्हात वाळायला किती वेळ लागतो? पाहुणे आले तेव्हा मी ओसरीवर अंथरलेली होते, चारी कोपरे सरळ.

तानुबाई पदर सावरून पुढे आली. "आवं, घोंगडी टाकलीया, बसा." बिशपसाहेब बसले, त्यांच्याजवळ इंजिनियर आणि कडेला लालासाहेब. बिशपसाहेबांनी माझ्यावरून हात फिरवला आणि त्यांच्या पुस्तकी मराठीत सांगितलं, इतकी मऊ घोंगडी त्यांनी तीस वर्षांत पाहिली नव्हती. तानुबाईचा चेहरा उजळला. तिनं मुलाकडे पाहिलं.

नाथाजीनं मला ओळखलं होतं. तरी तो सपराकडे गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिला आणि पुन्हा कधी तसा पाहायचा नाही असं मनाशी म्हटलं. आई अजून त्याच्याकडेच बघत होती. तो म्हणाला, "लय चांगलं केलंस, आये." आणि खाली भुईवर बसला. माझ्यावर बसला नाही.

दूध झालं, गूळ-शेंगा झाल्या. बिशपसाहेब म्हणाले, "नाथाजीराव, आता नमुना दाखवा. आम्ही तोच पाहायला आलो आहोत."

तानुबाई दारात पेले गोळा करत उभी होती. कसला नमुना, असं तिच्या तोंडावर दिसत होतं. नाथाजीला तेव्हा दोनच वाटा होत्या. खरं सांगायचं, म्हणजे ज्याच्यावर तुम्ही बसलाय तेच ते देऊळ आणि माझ्या आईनं ते आज सकाळी तुडवलं. पाहुण्यांसमोर, बयाबाईसमोर, गल्लीतून डोकावणाऱ्या चार बायांसमोर. तानुबाई जन्मभर मान वर करणार नाही, असं त्याला वाटलं.

"नमुना न्हाई, सायब," तो म्हणाला. "वाऱ्यानं पडला."

लालासाहेबांनी चमकून पाहिलं. उभा राहिला म्हणून लिहिलं होतंस, असं ते म्हणाले. राहिला होता, नाथाजीनं सांगितलं, पण वारं आलं. इंजिनियरांनी विचारलं, तुकडे तरी असतील? तुकडे नाहीत. मापं? मापं आहेत, अकरा. बेचाळीसपैकी. त्यानं वही पुढे केली.

इंजिनियर माणूस वाईट नव्हता. त्यांनी वही नीट पाहिली. बिशपसाहेब तर इतके चांगले की म्हणाले, पुन्हा करायला तीन-चार दिवस लागत असतील तर मी थांबतो, बोट सुटायला अजून वेळ आहे. नाथाजीनं मान वर केली. मला वाटलं झालं, वाचलो. पण इंजिनियरांनी वही मिटली आणि हळूच म्हणाले, "साहेब, दिवसांचा प्रश्न नाही. जो नमुना वाऱ्याने पडतो, त्याच्याखाली मी पाचशे माणसं कशी बसवू?"

दहा शेरांचा दगड पेललेल्या पाठीवर ती माणसं बसली होती. नाथाजीनं एकदा तोंड उघडलं. दारात आईच्या हातातले पेले एकमेकांवर वाजले आणि त्याचं तोंड मिटलं. मी थोडी जरी ताठ राहिले असते, एखाद्या कोपऱ्यात कमानीचा बाक दिसला असता, तर लालासाहेबांनी ताडलं असतं, इतका तो माणूस हुशार. पण मी घोंगडीचा धर्म पाळला आणि सपाट पडून राहिले. बिशपसाहेबांनी सात पायऱ्यांच्या नकाशावर सही केली. ती माझ्यावर बसूनच केली.

पावसाळ्याच्या आधी पाया खणला. लालासाहेबांनी नाथाजीला मिस्त्री म्हणून बोलावलं आणि तो गेला. लोकांना नवल वाटलं, मला नाही वाटलं. दुसऱ्याचं का होईना, देऊळ होतं. तो मला अंथरायला घेऊन गेला. भिंती त्यानं अशा चढवल्या की ओळंब्याला नख घालायला जागा नाही. वर्षात भिंती झाल्या, सात पायऱ्या झाल्या. कैच्यांचं लोखंड आलं नाही. दुसऱ्या वर्षीही आलं नाही. बिशपसाहेब केव्हाच सात समुद्रापार गेले होते. रविवारी मंडळी पायऱ्या चढून आत यायची आणि उघड्या आभाळाखाली बसायची. म्हाताऱ्या बाया पायरी आली की सवयीनं खालीच थांबायच्या. लालासाहेब दर वेळी खाली उतरून त्यांचे हात धरून वर आणायचे.

रेंगाळलेल्या कामाला लोक भिजत घोंगडं म्हणतात. तासगावच्या बाजारात त्या देवळाबद्दल कुणी असं म्हटलं की मला अंग चोरावंसं वाटायचं.

एकोणपन्नासच्या वैशाखात तानुबाई पोराचं काम बघायला एस.टी.नं आली. तिनं भिंती पाहिल्या, कौतुक केलं, छप्पर कवा, असं विचारलं. लालासाहेब तिच्याशेजारी पायरीवर बसले होते. बिचाऱ्यांना काही ठाऊक नव्हतं. ते सहज बोलून गेले की मावशी, छप्पर घालायची तुमच्या पोराची रीत न्यारी होती, खळ लावलेली घोंगडी टांगून उलटी करायची, एवढ्याशा लोखंडात झालं असतं, पण पाहुणे यायच्या दिवशीच नमुना वाऱ्यानं पडला.

तानुबाई तशीच उठली. बांधकामाजवळच्या खोपीत आली. नाथाजी माझ्यावर बसून भाकरी खात होता. ती समोर भुईवर बसली आणि मला बोटांनी चाचपायला लागली.

"त्या दिशी वारं न्हवतं," ती म्हणाली.

नाथाजीचा हात थांबला.

"मीच तुडवली न्हवं ही?"

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"मग तवाच का सांगितलं न्हाईस?"

"काय सांगू, आये? पाव्हणं बसलं व्हतं तुज्या घोंगडीवर. तुजं हसू झालं असतं."

तानुबाईनं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. मी तिला त्याच्या बाळपणापासून ओळखत नाही, पण असं तिनं त्याला कधी पाहिलं नसावं.

"पाव्हणं उठलं असतं रं," ती म्हणाली. "मी उठवलं असतं त्यास्नी. म्हनलं असतं, सायब, उठा, माज्याकडनं चुकी झाली, ह्ये माज्या पोराचं देऊळ हाय. हसलं असतं घटकाभर. माजं हसू व्हऊ नये म्हून तू एवढ्या लोकांचं छप्पर घालवलंस?"

नाथाजीच्या हातातला घास तसाच राहिला. दोन वर्षं तो आपण आईसाठी काहीतरी सोसलं असं समजत होता. त्या एका दुःखावर तो जगत होता म्हणा ना. आता तेही गेलं.

तिनं दुसऱ्या दिवशी बाजारातून चिंचोके आणले. म्हणाली, कसं टांगायचं ते सांग, मी खळ शिजवते. त्यानं तिला भिंतींपाशी नेलं आणि समजावून सांगितलं, पहिल्यांदाच, अगदी सगळं, इटलीच्या गवंड्यापासून. ते पांघरूण जमिनीतून उठतं, ते भिंतींवर बसत नाही. भिंती पाडायच्या तरच ते होणार, आणि पै पै जमवून बांधलेल्या भिंती पाडा असं मंडळीला कुणी म्हणायचं? तानुबाईनं सगळं ऐकलं. तिला सगळं कळलं. एकदाच ती म्हणाली, मग मंजी कमानीतनं कोकरूबी आत आलं असतं. नाथाजी तिच्याकडे बघत राहिला. लालासाहेबांखेरीज एवढ्या लवकर ते देऊळ कुणाला कळलं नव्हतं.

आता मी आटपाडीलाच आहे. दोन्ही कडा झिजल्यात, मधोमध अंगठा जाईल एवढं भोक आहे, खळीचा भार आता अंगाला सोसणार नाही. माझी काही तक्रार नाही. तुम्हाला मात्र हात जोडून सांगते. घरात काही मनाजोगतं करायला घेतलंत, तर ते आधी घरच्या माणसाला सांगा. त्याला कळणार नाही, हे तुम्ही ठरवू नका. त्याची लाज राखायची की नाही, तेही त्यालाच ठरवू द्या.

नाथाजी सणासुदीला घरी येतो. तानुबाई थकलीय, पण कामं सोडत नाही. फक्त आता ती कशालाही हात लावायच्या आधी थांबते. त्याचं धोतर असो, ओसरीतली काठी असो, नाहीतर कोपऱ्यात पडलेली रिकामी घागर, ती तिथे उभी राहते आणि विचारते, "नाथा, ह्येचं काय काम न्हाई न्हवं? उचलू का?"

आणि नाथाजी दर वेळी म्हणतो, "उचल की, आये." म्हणतो आणि बाहेर निघून जातो.